दर उन्हाळ्यात फाटणारी, दर पावसाळ्यात मिटणारी टेबलाची फळी

तक्रार साधारण अशी असते. आंब्याच्या किंवा फणसाच्या अखंड फळीचं जेवणाचं टेबल. ओंडका कोकणात चिरला, तिथेच शेडमध्ये वर्षभर वाळवला, पुण्याला किंवा नाशकाला आणून पॉलिश केलं. दिवाळीत टेबल झकास. मार्चच्या शेवटी एका टोकाकडून केसासारखी फट दिसते, एप्रिलमध्ये तिच्यात नख जातं. सुतार येतो, लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून फट भरतो, वरून पॉलिशचा हात मारतो. जुलैत सगळं ठीक, फक्त भरलेल्या जागी पॉलिश जरा उचललेलं. पुढच्या एप्रिलला फट हजर, आधीपेक्षा रुंद, आणि शेजारी दुसरी बारीक.

यात सुताराचा हात वाईट नसतो आणि लाकूडही "कच्चं" असतंच असं नाही. फट एप्रिलमध्ये भरली, तिथे चूक झाली. फट सगळ्यात रुंद असताना तिच्यात कडक भराव बसला, की जुलैत फुगणाऱ्या लाकडाला सरकायला जागा उरत नाही. मग भरावाच्या दोन्ही बाजूंचे तंतू दबून चिरडतात. एकदा चिरडलेला तंतू पूर्ववत होत नाही, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आधीपेक्षा थोडं अरुंदच आकसतं आणि फट वाढते. दर वर्षी भरत राहिलात तर दर वर्षी वाढवत राहाल.

किती हलतं, ते आधी आकड्यांत

लाकडात साधारण २८ ते ३० टक्क्यांहून जास्त पाणी असतं तोवर त्याचा आकार बदलत नाही. त्याखाली उतरलं की आकसायला लागतं, आणि ते सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ शून्य. रुंदीत किती, ते वर्षवलयांच्या दिशेवर ठरतं: ओलं ते पूर्ण सुकं या प्रवासात साग वलयांना समांतर ५.८ टक्के आकसतो, तर खोडाच्या मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत फक्त २.५ टक्के. आंब्याचे हेच आकडे साधारण ५.५ आणि ३.६. रेन ट्री, म्हणजे विलायती शिरीष, यात फार सभ्य आहे: ३.४ आणि २. शहरात पावसाळ्यात कोसळलेल्या रेन ट्रीच्या रुंद फळ्या इतक्या निवांत वागतात त्या यामुळे.

हिशोबाला सोपं म्हणून आंबा-सागासाठी धरा, की लाकडातलं पाणी १ टक्क्याने बदललं की आडव्या दिशेत रुंदी साधारण ०.१८ ते ०.२ टक्के बदलते.

आता हवा. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड शेवटी ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. ५० टक्क्यांना ९, ६५ टक्क्यांना साडेअकरा, ८० टक्क्यांना १६, ९० टक्क्यांना २०. कोकणपट्टीची हवा भर उन्हाळ्यातही दमट, त्यामुळे तिथल्या शेडमध्ये ठेवलेली फळी १२-१३ टक्क्यांखाली जाणं अवघड. एक वर्ष ठेवा नाहीतर पाच वर्षं. घाटावर मात्र एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की तीच फळी ७-८ टक्क्यांकडे ओढली जाते. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये याच कारणाने देशाचे हवेतल्या आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत आणि लाकडात किती पाणी चालेल ते विभागागणिक वेगळं सांगितलं आहे. "पूर्ण वाळलेलं लाकूड" या शब्दांना त्यामुळे तसा अर्थ नाही. कुठल्या गावासाठी वाळलेलं, हे विचारायला हवं.

अडीच फुटी, म्हणजे ७५० मिमी रुंद आंब्याची फळी आतून १४ टक्क्यांवर असताना पुण्यात आली आणि मे महिन्यात ८ टक्क्यांवर उतरली, तर ६ × ०.१८ टक्के × ७५० = साधारण ८ मिमी आकसणार. पुढे स्थिरावल्यावरही दर वर्षी ५ टक्क्यांची ये-जा धरली तर सहा-सात मिमीची हालचाल चालूच राहते. हे ८ मिमी फळीला मोकळेपणाने आकसू दिले तर काही बिघडत नाही. कुठे अडकवून ठेवले तर ते फट होऊन बाहेर पडतात.

टेबल उलटं करा

फट बघत बसण्याआधी टेबलाची खालची बाजू बघा. दहापैकी बहुतेक टेबलांत गुन्हेगार तिथेच सापडतो: फळी सरळ राहावी म्हणून रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडव्या ठोकलेल्या दोन पट्ट्या, फेविकॉल लावून, वर चार-चार स्क्रू. पट्टी तिच्या लांबीत हलत नाही, फळी रुंदीत हलते, आणि दोन स्क्रूंच्या मधे कुठेतरी फळी फाटते. पायांची लोखंडी चौकट गोल भोकांतून घट्ट आवळली असेल तरी तेच. टोकांना आडवी पट्टी चिकटवून "फिनिशिंग" केलं असेल तर फट टोकाकडूनच सुरू झालेली दिसेल.

फटीची जागा बरंच सांगते. दोन स्क्रूंच्या मधली, फळीच्या पोटातली फट: अडकवणूक. टोकांकडून आत येणारी, टोकाला रुंद आणि आत निमुळती: टोकं मधल्या भागापेक्षा फार लवकर वाळली. लाकडातलं पाणी रेषेच्या दिशेने आडव्यापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडतं, त्यामुळे उघडं टोक आधी सुकतं, आधी आकसतं आणि फाटतं. फट बरोबर खोडाच्या मध्यातून गेलेली असेल, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर जिथे वलयं इवल्याशा गोलांत येऊन मिळतात तिथून, तर ती कुठल्याही उपायाने थांबणार नाही. वलयांना समांतर आणि आडव्या आकसण्यातला फरक तिथे एकाच बिंदूवर येऊन भांडतो. ही फळी मधून उभी चिरा, मध्याचा दोन-तीन इंचांचा पट्टा काढून टाका आणि दोन भाग परत जोडा. अखंडपणाचा हट्ट इथे सोडावा.

आणि वर सगळीकडे बारीक, उथळ, विखुरलेल्या भेगा असतील तर फळी ओली असताना उन्हात वाळत पडलेली होती. ऐनाला हे फार लवकर होतं. ऐन हे मुळातच वाळवायला तापट लाकूड. या भेगा बहुधा दोन-तीन मिमी खोल असतात, रंध्याखाली जातात.

दुरुस्तीचा क्रम

एप्रिलमध्ये फट दिसली तर एप्रिलमध्ये एकच काम करा: सगळं सोडवा. आडव्या पट्ट्या काढा, चिकटवलेल्या असतील तर पटाशीने, नाहीच निघाल्या तर फळीला न लावता पट्टीला दोन-तीन ठिकाणी करवतीने आरपार काप द्या, म्हणजे तिची पकड सुटते. मग फळी दोन-तीन आठवडे नुसती ठेवा. मोकळी झाल्यावर फट बरेचदा अर्ध्यावर येते.

त्याच दिवशी फळीच्या खालच्या बाजूला तीन ठिकाणी पेन्सिलीने आडव्या रेघा मारा, दोन्ही टोकांपासून एकेक फूट आणि मधोमध, आणि स्टीलच्या टेपने रुंदी लिहून ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला परत मोजा. फटीची रुंदी वेगळी. पावसाळ्यापर्यंतचे तीन-चार आकडे हातात आले की फळी वर्षाला किती हलते ते कळतं, आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर.

जुना भराव पूर्ण काढायचा. हेक्सॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून हातात धरला की फटीत छान चालतो. भरावाचा खडा आत राहिला तर पावसाळ्यात तिथेच पाचर बसते.

भरायचं डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्याचं पाणी तोवर उतरलेलं असतं आणि उन्हाळ्याची ओढ सुरू झालेली नसते, म्हणजे फळी तिच्या हालचालीच्या साधारण मध्यावर असते.

एक मिमीच्या आतली फट असेल तर तिला हात लावू नका, फार तर रंगवलेलं मधमाशीचं मेण भरा. पावसाळ्यात मेण वर उमलेल, बोटाच्या नखाने खरवडून टाका. एक ते चार मिमीच्या फटीत त्याच लाकडाची निमुळती चीप बसवा. रेषा फळीच्या रेषेला समांतर, आणि सरस फक्त एकाच बाजूला. दुसरी बाजू कोरडी, तिथे मेण चोळा म्हणजे सरस चुकून गेला तरी धरणार नाही. अशी चीप फटीबरोबर हलते. उन्हाळ्यात तिच्या एका अंगाला केसभर रेघ दिसेल, ती दिसू द्यावी.

चार मिमीपेक्षा मोठी आणि पुढे पळणारी फट असेल तर डमरूच्या आकाराची चावी, म्हणजे फटीवर आडवा रुतवून बसवलेला लाकडी तुकडा. ४५ मिमी जाड फळीला चावी ७५ ते ९० मिमी लांब, दोन्ही टोकांना ३५-४० मिमी रुंद, कमरेला १८-२०, खोली १५-१८ मिमी. चावीची रेषा तिच्या लांबीत, म्हणजे फटीला आडवी. उलट केली तर चावी कमरेतच मोडते, आणि ही चूक आश्चर्य वाटावं इतकी नेहमी दिसते. लाकूड फळीपेक्षा कठीण घ्या: शिसव, बाभूळ. पहिली चावी फट जिथे संपते त्याच्या दोनेक इंच अलीकडे, दुसरी तिच्यापासून एक फुटावर. दोन भाग एकमेकांपासून आणखी दूर जाऊ नयेत एवढंच चावीचं काम. फळीची हालचाल ती थांबवत नाही. पट्ट्या तशाच ठेवून नुसत्या चाव्या मारल्या तर फट शेजारी सरकते. साग असेल तर सरस लावण्याआधी जोडाची जागा थिनरच्या फडक्याने पुसून लगेच चिकटवा, सागाचं तेल सरसाला धरू देत नाही.

फळी सरळ ठेवायला आधार हवाच असेल तर ३५ × ३५ × ५ मिमीचा लोखंडी अँगल वापरा, एक पाय फळीला टेकलेला, दुसरा खाली. फळीत एम ८ चे, म्हणजे ८ मिमी बोल्टचे, पितळी किंवा लोखंडी इन्सर्ट (आतून आटे असलेल्या नळ्या) बसवा. अँगलमध्ये मधलं भोक गोल, ९ मिमीचं. बाकीची लांबट, ९ × २० मिमी, लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने. बोल्टखाली रुंद वॉशर. बोल्ट बोटांनी घट्ट, मग पान्याने पाव वळसा, बस्स. मध्यापासून २७५ मिमीवर असलेल्या बोल्टला वर्षभरात अडीच-तीन मिमी सरकायचं असतं. या भोकात त्याला दोन्ही बाजूंना सहा मिमी मिळतात. आठ मिमी वाकलेली फळी मात्र अँगलने ओढून सरळ करू नका. ती सरळ होत नाही, फुटते.

वाकलेली फळी: रंधा मारायची घाई

फळीच्या कडा वर आल्या, मधे द्रोण झाला, तर आधी कुठली बाजू ओली ते ठरवा. फुगीर बाजू ओली, खोलगट बाजू सुकी. वरून तीन हात पॉलिश आणि खालून कोरी अशा टेबलात पावसाळ्यात खालची बाजू पाणी पिते, फुगते आणि कडा वर जातात. फळी नुसती फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवली तरी दोन्ही बाजूंना सारखी हवा न मिळाल्याने असंच होतं.

उपाय: फुगीर बाजू वर करून रिपांवर ठेवा, पंखा चालू, ऊन नाही. दर दोन दिवसांनी सरळ पट्टी लावून मधला फरक मोजा. बहुतेक फळ्या दहा-पंधरा दिवसांत बऱ्याच सरळ होतात. मग दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. आधीच रंधा किंवा राउटर मारून सपाट केलीत तर पाणी समान झाल्यावर तीच फळी उलट्या बाजूला वाकेल, आणि जाडी गेली ती गेलीच. ५७ मिमीची फळी १० मिमी वाकलेली असेल तर सपाट होऊन ४७ उरते. पीळ असेल तर आणखी कमी.

सगळं समान होऊनही राहिलेला द्रोण हा वलयांचा असतो. वाळताना वलयं जणू सरळ व्हायला बघतात, म्हणून सालीकडची बाजू खोलगट होते. तो रंधा मारूनच काढायचा, पण दोन टप्प्यांत: दोन्ही बाजूंनी थोडं थोडं, सारखं काढून जाडी पाच-सहा मिमी जास्त ठेवा, फळी दोन दिवस कडेवर उभी ठेवा, मग शेवटचा हात. एका बाजूने सगळं काढलं की आतला ओलावा एका अंगाने उघडा पडतो.

भट्टीत घाईने वाळवलेल्या फळीची एक वेगळी खोड असते. चिरेपर्यंत सरळ, चिरली की दोन्ही अर्ध्या आतल्या बाजूला वाकतात, कधी तर करवतीचं पातंच चिमटीत धरतात. बाहेरचा थर आधी सुकून ताठ झालेला आणि आतला नंतर आकसलेला, हे त्याचं कारण. विकत घेताना टोकापासून दीड फूट सोडून एक इंचाचा आडवा काप काढून घ्या, त्याच्या जाडीचा मधला भाग पोखरून चिमट्यासारखे दोन पाय करा आणि रात्रभर ठेवा. पाय एकमेकांकडे झुकले तर ती फळी उभी चिरायच्या कामाला घेऊ नका. घरी यावर इलाज नाही, वाफ द्यावी लागते.

मोजमाप: मीटर फसवतो कुठे

दोन टोच्यांचा ओलावा मीटर बाहेरचे पाच-सात मिमी मोजतो. दोन इंची फळीच्या पोटात काय आहे ते त्याला कळत नाही. वर ९ आणि आत १७, ही नेहमीची जोडी आहे. फळी कापून टोकापासून दीड फुटावरच्या ताज्या कापावर, मधोमध, मीटर टोचा. किंवा वजनाने करा, त्यात फसवणूक नाही: तिथूनच एक इंचाचा काप घ्या, किमान शंभर ग्रॅमचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, ओटीजीमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा, दर दोन-तीन तासांनी वजन घ्या, उतरायचं थांबलं की तो सुका आकडा. (ओलं वजन वजा सुकं) भागिले सुकं, गुणिले १००. घाटावरच्या घरासाठी ८ ते १० टक्के आलं तर पॉलिशला घ्या. किनाऱ्यावरच्या घरासाठी १२-१३ चालतं.

कोकणातून आलेली फळी थेट पॉलिशला न देता ज्या खोलीत टेबल राहणार त्या खोलीत दीड-दोन महिने रिपांवर ठेवा. दर आठवड्याला वजन. दोन आठवड्यांत अर्ध्या टक्क्याहून कमी उतरलं की झालं. दोन महिने दिवाणखान्यात लाकडाचा डोंगर बघवत नाही हे खरं, पण वर लिहिलेलं निम्मं रडगाणं इथेच टळतं.

पुढची फळी चिरताना

तोडीची परवानगी, आणि लागत असेल तिथे वाहतूक परवाना, ओंडका गाडीत चढण्याआधी हातात असू द्या. आंबा, फणस, साग, चिंच यांना १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे.

चिरायला नोव्हेंबर ते जानेवारी बरा. पहिले दोन-तीन महिने वाळणं सावकाश व्हायला हवं. मे महिन्यात चिरलेली फळी वरून तडकते, जूनमध्ये चिरलेला आंबा आठवड्याभरात निळा-काळा पडतो. तो डाग बुरशीचा, खोलवर जातो, रंध्याने निघत नाही.

सॉ मिलला सांगताना: ४५ मिमी तयार जाडीसाठी ५७ ते ६० मिमी, दोन फुटांपेक्षा रुंद फळीला ६५. लांबीत दोन्ही टोकांना सहा-सहा इंच जास्त. खोडाचा मध्य एकाच फळीत येईल असं चिरा आणि ती फळी पायांना, रिपांना वापरा. शहरातलं किंवा कुंपणालगतचं झाड असेल तर आधी धातुशोधक फिरवा; पाटीचे खिळे आणि गिळलेली तार पात्याचा बळी घेतात.

चिरल्यावर टोकांना लगेच, त्याच दिवशी, मेणाचं इमल्शन किंवा जाड डांबरी रंगाचे दोन हात. गावाकडे शेण-माती लिंपतात, तेही चालतं, फक्त वाळून गळून पडलं की परत लिंपावं लागतं. चार दिवसांनी लावलेला रंग कशालाच उपयोगी नाही, भेगा तोवर आत शिरलेल्या असतात.

थप्पी जमिनीपासून दीड फूट वर. रिपा सुक्या लाकडाच्या, सगळ्या एकाच जाडीच्या, पाऊण ते एक इंच, दर सोळा-अठरा इंचांवर, पहिली आणि शेवटची अगदी टोकाशी. वरच्या रिपा खालच्या रिपांच्या बरोबर रेषेत. एक जरी रीप चार इंच सरकली तरी तिथे फळीला कायमचा बाक येतो. ओली रीप वापरली तर तिच्या खाली आडवा डाग उमटतो. थप्पीवर वजन: सिमेंटचे ठोकळे, एका दोन फुटी फळीच्या थप्पीवर पाचशे किलोपर्यंत खुशाल. वर पत्रा, बाजूंना घाटावर मार्चपासून शेडनेट, कारण त्या दिवसांतला गरम वारा थप्पीची बाहेरची कड जाळतो.

इंचाला एक वर्ष हा ठोकताळा थंड देशांतून आलाय. आपल्याकडे कोरड्या भागात लवकर होतं, आणि दुप्पट जाडीला दुप्पट नव्हे, तिपटीच्या आसपास वेळ लागतो. ताणकाट्यावर एक नमुना फळी दर महिन्याला तोला, कॅलेंडरकडे बघू नका. घाई असेल तर सौर भट्टी: लाकडी सांगाडा, हरितगृहाचा २०० मायक्रॉनचा कागद, आत काळा रंगवलेला पत्रा, दोन पंखे, उघडझाप करता येणाऱ्या खिडक्या. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने या भट्टीवर बरंच काम केलेलं आहे. तिचा खरा फायदा रात्री मिळतो: पंखे बंद, आतली हवा गार आणि दमट होते, फळीचा बाहेरचा थर थोडा सैलावतो, दिवसभराचा ताण उतरतो. जड लाकूड दिवसाला एक-दीड टक्क्याहून जास्त उतरत असेल तर खिडक्या लावा, पंखे कमी चालवा.

टेबलाखाली मैद्यासारखा भुसा

आंब्याच्या फळीत ही तक्रार फटीइतकीच नेहमीची. एक-दोन मिमीची गोल भोकं आणि खाली बारीक भुसा म्हणजे लाकूड पोखरणारे भुंगेरे. वाळवी नव्हे, वाळवी माती आणते. या भुंगेऱ्यांना लाकडातला पिष्ट (स्टार्च) हवा असतो. आंबा जवळजवळ सगळाच पांढरा, म्हणून त्यांची चंगळ. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला आणि सागाच्या पक्क्या लाकडाला ते सहसा लागत नाहीत, सालीलगतच्या पांढऱ्या पट्ट्याला मात्र लागतात.

उपाय ओल्या फळीवरच चांगला बसतो. १०० लिटर कोमट पाण्यात ३.६ किलो बोरॅक्स आणि २.४ किलो बोरिक अॅसिड. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या हौदात फळी दोन-तीन दिवस बुडवा, मग रिपांशिवाय एकावर एक रचून कागदात गुंडाळा, तीन-चार आठवडे. पाण्यातूनच औषध आत झिरपतं, म्हणून फळी सुकू द्यायची नाही. या काळात आंब्यावर डाग पडण्याची शक्यता वाढते, हा सौदा पत्करावा लागतो. हातमोजे घाला, उरलेलं पाणी झाडांना किंवा नाल्यात टाकू नका. उघड्यावरच्या बाकाला हा उपाय टिकत नाही, पावसात धुऊन जातो.

पॉलिश झालेल्या टेबलाला हे औषध वरून लावून आत जात नाही. तिथे उष्णताच: फळीच्या गाभ्याला ५६ अंश, अर्धा तास. पॅकिंगच्या लाकडाला ज्या भट्टीत ही प्रक्रिया करतात तिथे पाठवा, आणि पॉलिश परत करायची तयारी ठेवा.

पॉलिश

तेल लावलं म्हणजे फळी हलणार नाही, हा समज काढून टाका. जवसाचं तेल किंवा मेण हवेतली वाफ जवळजवळ अडवतच नाही. लाखेचं पॉलिश त्याहून बरं, पीयूचे (पॉलियुरेथेनचे) तीन हात आणखी बरे. तेही हालचाल थांबवत नाहीत, सावकाश करतात. सावकाश झाली की पोटातला आणि वरचा ओलावा बरोबरीने चालतो, फाटण्याची शक्यता उतरते. खालची बाजू, कडा, बोल्टची भोकं, सगळीकडे तेवढेच हात. टोकांना एक जास्त.

घासकाम ८०, १२०, १५०, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, टोकाला २२० पर्यंत. १२० नंतर ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळू द्या, उठलेले तंतू पुढच्या पेपरने जातात. पावसाळ्यात मेलामाइन किंवा लॅकरवर पांढरे ढग येतात ते थिनर उडताना पृष्ठभाग गार पडून त्यावर हवेतलं पाणी बसल्यामुळे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी मारू नका. आलेच तर सावकाश उडणाऱ्या थिनरचा पातळ हात कोरड्या दुपारी. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात; ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

फटीत इपॉक्सी ओतायचं असेल तर लाकूड १० टक्क्यांच्या आत हवं, आणि फट आरपार असून दोन्ही भाग वेगळे हलत असतील तर ओतूच नका. तो एप्रिलमधला कडक भरावच, फक्त महाग.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी, खाली झोपून बोल्ट बघा. वॉशरभोवती पॉलिशवर सरकल्याची चमकदार रेघ दिसली तर अँगल मोकळा आहे. रेघ नाही आणि वॉशरची कड लाकडात रुतलेली असेल तर बोल्ट पाव वळसा ढिला करा.